वहीचं उजवं पान

बाई, तुमची बाजाची पेटी या महिन्यात माझ्याकडे नाही. ती सायखेड्याला गेली आहे. एक तारखेला भाजीचा टेम्पो माल उतरवून पंचवटीतून परत निघाला, त्यात दोन गोणपाटांच्या मध्ये बसून गेली, आणि पुढच्या एक तारखेला भाजीबरोबर परत येईल. टेम्पोवाल्याला मी दोनदा बजावलं की येताना तिच्यावर कोबीच्या जाळ्या रचायच्या नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, दर खेपेला सांगता. इतकी वर्षं झाली, एकदा तरी रचल्या का?" मी म्हटलं, "सांगते म्हणूनच रचल्या नाहीत." तुम्ही असतात तर माझी बाजू घेतली नसतीत.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. गाणी लिहिते, चाली बांधते. गंगेच्या अलीकडे माझा स्वतःचा क्लास आहे आणि तिथे मला सगळे घाबरतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. परवा एकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही गाणं करायला कुणाकडे शिकलात?" मी तुमच्याबद्दल सांगितलं. तुमचं स्वयंपाकघर सांगितलं, दोन पानांची वही सांगितली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती अशी, की मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले आणि त्या खोट्यावर तुमची शाबासकी घेऊन घरी गेले. ती शाबासकी खरी करायला मला अकरा वर्षं लागली, आणि तोवर तुम्ही नव्हतात. मुलींना सांगायची ही गोष्ट नव्हे. तुम्हाला सांगायची आहे.

पंचवटीतल्या त्या बोळात खाली हळदीकुंकवाचं दुकान आणि वर तुमच्या दोन खोल्या. जिना इतका उभा की चढताना गुडघा छातीला लागायचा. बाहेरच्या खोलीत सतरंजी आणि पेटी, आतल्या खोलीत स्वयंपाक, मध्ये दार नाही, नुसता पडदा, तोही कायम बाजूला सारलेला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आम्ही यायचो, पण तुम्ही समोर फार कमी बसायचात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मी गायनाच्या चार परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन आले होते, कॉलेजात मराठी साहित्य घेतलं होतं, वहीभर गाणी लिहून आणली होती, आणि तुम्ही आत वांगी चिरत बसलेल्या. मग तुमची रीत कळली. नवं गाणं तयार झालं की तुम्ही आत जाऊन कढई तापवायचात. मोहरी तडतडायला लागली की आतून आवाज यायचा, "हं, म्हण." आम्ही बाहेर गायचं. जी ओळ त्या फोडणीतून तुमच्यापर्यंत पोचली नाही, ती वहीतून गेली. आवाज चढवून उपयोग नव्हता. मी एकदा चढवून पाहिला, तर तुम्ही उलथनं घेऊन बाहेर आलात. म्हणालात, "आवाज कळला. शब्द कळला नाही. आवाज खालच्या दुकानदारालाही कळला असेल." माझ्या पहिल्या गाण्यात 'सुमनांची आरास' होती आणि 'अंतरीची तृषा' होती. त्यातली एकही ओळ शिल्लक राहिली नाही. मला वाटलं, दोष मोहरीचा आहे.

फुलं विकणाऱ्या त्या मुलीला तुम्ही आणलंत. रोज सकाळी देवासाठी फुलं घ्यायला तुम्ही गंगेवर जायचात आणि तिच्याकडूनच घ्यायचात. मखमलाबादच्या वाटेवर तिच्या घरची फुलशेती होती. ती आईबरोबर उजाडायच्या आत पाट्या घेऊन यायची आणि दहापर्यंत विकायची. गजरे गुंफताना ती काहीतरी गुणगुणायची. ते तुम्ही चार दिवस ऐकलंत आणि पाचव्या दिवशी म्हणालात, "दुपारी वर ये." ती आली तेव्हा मी सतरंजीवर बसले होते. माझ्याच वयाची, आठवीपर्यंत शिकलेली, बोटांवर पिवळे डाग. तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हाला विचारलं, "हिला बी शिकवता का? हिला तर सगळं येतंय असं दिसतंय." क्लासातल्या मुली तिला फुलवाली म्हणायच्या. तुमच्यामागे मीही म्हणायचे. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी मला सांगितलंत, "ही तुझी जोडीदारीण." मी आता तोच शब्द वापरते.

तुमचा नियम असा होता की पहिली दोन वर्षं कुणी एकटीने गाणं करायचं नाही. एकीने शब्द, दुसरीने चाल. वहीचं डावं पान शब्दांचं, उजवं चालीचं. दुसरीच्या पानावर पेन्सिल टेकवायची नाही. बदल हवा असेल तर समोर बसून मागायचा. "भांडा, रडा, काय करायचं ते करा, पण समोर," असं तुम्ही म्हणायचात. आमच्या जोडीत शब्द माझे आणि चाल तिची, असं तुम्हीच ठरवलंत. अडचण एवढीच होती की तिला स्वर लिहिता येत नव्हते आणि मला येत होते. म्हणून उजवं पान तिचं असलं तरी लिहायचे मी. ती गायची आणि मी ऐकून सा रे ग उतरवून घ्यायचे. त्यात काही धोका आहे हे मला दिसलं नाही. तुम्हाला दिसला असला तर तुम्ही बोलला नाहीत.

ती दुपार माझ्या समोर आहे. दसऱ्याच्या आधीचे दिवस, तिच्या घरी फुलांचा हंगाम, ती जांभया देते आहे. मी माझी नवी ओळ वाचून दाखवते, 'सुमनांचा भार शिरी'. ती म्हणते, "सुमन म्हणजे?"

"फूल."

"मग फूल म्हण ना. शेवंती म्हण. आमच्या आळीत सुमनमावशी हाय, लय जाड हाय. तिचा भार शिरी कोण घेणार?"

आतून तुमचं हसणं ऐकू येतं. मी चिडते. "मग तूच सांग, पाटी डोक्यावर असली की काय वाटतं."

"वाटायचं काय त्यात. वरनं ओलं फडकं असतं, त्याचं पाणी कानामागं गळत राहतं. लय गार लागतं. अन् पुसता येत नाय, हात पाटीला असतात."

मी खाली मान घालून लिहायला लागते. पाच मिनिटांत चार ओळी होतात, आणि त्यांत एकही सुमन नसतं.

डोईवर पाटी ओली, पाणी कानामागे गळे,
वाट दिसायच्या आधी माझ्या पायांना ती कळे.

ती तळहाताने सतरंजीवर ठेका धरते. गजऱ्याचा ठेका, दोन फुलं आणि गाठ, दोन फुलं आणि गाठ. त्यावर चाल आपोआप चढते. चाल भूपातली आहे हे मला लगेच कळतं. भूप पाच स्वरांचा, म आणि नी त्यात येत नाहीत, हे मी पहिल्या परीक्षेलाच पाठ केलेलं. पण 'गळे'वर तिचा आवाज वर निसटतो, तिथे क्षणभर टांगल्यासारखा राहतो आणि मग खाली उतरतो. तो वर गेलेला स्वर म्हणजे निषाद. मी पेन्सिल थांबवते. "भूपात निषाद नसतो."

"मला काय म्हाईत. पाणी तिथंच गळतं."

मी नी लिहिते. तुम्ही आत कढई तापवता, आम्ही गातो, आणि सगळ्या ओळी आत पोचतात. तुम्ही हात पुसत बाहेर येता, गाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि आम्हा दोघींना त्याच फोडणीची वांगी आणि भाकरी वाढता. तसं जेवण मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

थंडीत शहरात स्वतः केलेल्या गाण्यांची स्पर्धा होती. आम्ही नाव दिलं. आदल्या आठवड्यात मी साथीच्या पेटीवाल्यासाठी स्वरांची स्वच्छ प्रत करायला बसले आणि त्या नीपाशी अडले. परीक्षक शास्त्रीय गाणारे होते. ते म्हणतील, या पोरींना साधा भूप माहीत नाही. 'या पोरींना' म्हणजे मला. तिला कुणी काही म्हणणार नव्हतं, तिच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. मी असा विचार केला, बाई, अगदी याच शब्दांत. मी नी खोडला आणि तिथे ध लिहिला. प्रतीत लिहिला आणि वहीच्या उजव्या पानावरही लिहिला. तिला सांगितलं नाही. लपवलं असंही मला वाटलं नाही. निबंध दुसऱ्या कुणाचा असला तरी त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आपण दिसेल तिथे दुरुस्त करतोच, तशी केली.

तुम्हाला त्या दिवशी ताप होता, म्हणून तुम्ही नव्हतात. आम्ही दोघी एकाच माइकसमोर बसलो. पहिल्यांदा 'गळे' आलं तेव्हा पेटीने आणि मी धैवत घेतला आणि तिने निषाद. शेजारशेजारचे दोन स्वर एकमेकांना लागले आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान वर केली. दुसऱ्यांदा ती 'गळे'पाशी थांबली आणि तिथे मी एकटीच गायले. तिसऱ्यांदा ती त्या ओळीला आलीच नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. मी गाणं पूर्ण केलं. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि परीक्षक माइकवरून म्हणाले की इतक्या लहान वयात रागाची ही शुद्धता विशेष आहे. ढाल घ्यायला मी पुढे झाले.

परतीच्या रिक्षातून ती पंचवटीच्या कोपऱ्यावर उतरताना म्हणाली, "ढाल तू ने. आमच्याकडं फळीवर पाट्या असतात."

"दोघींची आहे ती."

"नाय. माझी चाल येगळी व्हती. ही तुझी." आणि गेली. पुढच्या मंगळवारी ती क्लासला आली नाही, शुक्रवारीही आली नाही.

त्या मंगळवारीच तुम्ही मला गाणं म्हणायला सांगितलंत आणि आत गेलात. मी गायले. मोहरी तडतडायची थांबली, तुम्ही गॅस बंद केला होतात. तुम्ही बाहेर आलात आणि विचारलंत, "गळे-वर काय घेतलंस?"

"धैवत."

"तिने काय केलं होतं?"

"निषाद. पण भूपात निषाद नसतो, बाई."

"भूपाला विचारून गाणं केलं होतंत का तुम्ही?"

मी वही पुढे ओढली.

"पान कुणाचं?"

"तिचं."

तुम्ही खोडरबर पुढे केलंत. मी ध खोडला. कागद तिथे दोनदा खोडून पातळ झाला होता, पलीकडची शाई दिसत होती. तुम्ही म्हणालात, "आता तिच्या घरी जा. तिला म्हणायला सांग आणि ऐकून लिही. तोवर नवं गाणं नाही." तुमचा आवाज चढलेला नव्हता. तुम्ही रागावला असतात तर मी वाद घातला असता.

मी गेले नाही. मखमलाबादची बस मिळाली नाही असंही नाही. मी स्टॉपवर उभी राहिले, बस आली, आणि मी चढले नाही. तिच्या अंगणात उभं राहून, तिच्या आईसमोर, मी चुकले असं म्हणायचं हे मला जमणार नव्हतं. मला तोवर कुणी कधी चूक म्हटलं नव्हतं, परीक्षेतही नाही. घरी येऊन मी त्या पातळ जागेवर आठवणीने नी लिहिला. शुक्रवारी तुमच्यापुढे वही ठेवली आणि म्हटलं, "जाऊन आले." तुम्ही पान पाहिलंत. म्हणालात, "आता तू गाणं करायला लागलीस." त्या वाक्याची मी वर्षभर वाट पाहिली होती.

मंगळवारी तुम्ही मला एक नवी वही दिलीत, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. काही बोलला नाहीत. मी ती बक्षीस समजून घेतली, आणि घरी नेल्यावर तिच्यात एक अक्षर लिहू शकले नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न सायखेड्याला झालं. पत्रिका तुमच्या पत्त्यावर आली, दोघींच्या नावाने. मी तुम्हाला म्हटलं, परीक्षा आहे. परीक्षा होऊन आठ दिवस झाले होते. तुम्ही एकट्या गेलात. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात, एका सकाळी, फुलं घेऊन येताना, त्याच जिन्यात. तुमच्या भाच्याने मला बोलावून पेटी दिली. तो म्हणाला, "मावशी सांगून ठेवत होती, पेटी दोघींची. दुसरी कोण ते तुम्हाला माहीत असेल." मी म्हटलं, "माहीत आहे," आणि पेटी घरी आणली. आणल्यावर ती माझीच झाली. कुणी विचारायला आलं नाही.

मी थांबले नाही, हेही सांगते. कॅसेटचे दिवस होते. मी लग्नाची गाणी केली, शाळांची स्वागतगीतं केली. वडील ओझरच्या कारखान्यात होते, तिथल्या वसाहतीच्या गणेशोत्सवासाठी दर वर्षी दोन-तीन गाणी केली. शब्दही माझे आणि चालही माझी. की-बोर्डवाला एखादा शब्द मागेपुढे करू का म्हणून विचारायचा, मी नाही म्हणायचे, मग त्याने विचारणं सोडलं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, माझं नाव झालं. गाणी बिनचूक असायची. लोक ती नीट बसून ऐकायचे आणि संपल्यावर नीट उठून जायचे. कुणी जिना उतरताना त्यातली एखादी ओळ म्हणतंय, असं मी कधी ऐकलं नाही. आणि मी ऐकत असायचे, बाई. दाराशी उभी राहून ऐकत असायचे.

मग माझ्या क्लासला एक प्राथमिक शिक्षिका यायला लागली, बदली होऊन शहरात आलेली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते तसं तिला सांगितलं, "जे येत असेल ते म्हणा." तिने डोळे मिटले आणि म्हटलं, 'डोईवर पाटी ओली'. 'गळे'वर तिचा आवाज वर गेला. माझा हात सवयीने उठला, तोंडून "इथे" एवढं निघालं, आणि मी हात खाली घेतला. निषाद. तिथेच, तसाच टांगलेला. त्यानंतर तिने जो अंतरा म्हटला, तो मी लिहिलेला नव्हता.

पाटी रिती झाली तरी मान वाकायाची नाही,
फुलं गेली देवापाशी, वास केसांमधी राही.

माझ्या मूळ अंतऱ्यात पहाटेची लाली होती. इथे उतरवून घेत नाही, तुम्हाला आठवत असेल. मी तिला विचारलं, "हे कुठे ऐकलंत?"

"आमच्या सायखेड्याला फुलं तोडताना सगळ्याच बायका म्हणतात, मॅडम. कुणाचं आहे माहीत नाही. चुकलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. "चुकलं नाही."

त्या रविवारी मी पेटी मांडीवर घेऊन सायखेड्याच्या एसटीत बसले. तुमची लाल कण्याची वही पिशवीत होती. शेडमध्ये झेंडूचे ढीग होते आणि ती चार बायकांबरोबर फुलं निवडत बसली होती. भरलेली, केसांत थोडी पांढरी, बोटं तशीच पिवळी. तिने मान वर केली. "आली का. पेटीच घेऊन आलीस? त्या क्रेटवर बस, खाली ओल हाय."

मी बसले. येताना जे ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "मी तुझ्या पानावर हात चालवला होता."

"म्हाईत हाय."

"तुला विचारायला हवं होतं. समोर बसून. मी चुकले."

"व्हय, चुकलीस." ती फुलं निवडत राहिली. बाकीच्या बायकांचे हात मात्र थांबले होते. ती त्यांना म्हणाली, "ही गाण्यातली बाई. पाटीचं गाणं हिनं लिवलंय." एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही व्हय? मला वाटलं कोणी जुनी मेलेली असंल."

सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर मी राहिलेलं सांगितलं. "बाईंना मी म्हणाले होते की तुझ्याकडे जाऊन आले. मी आलेच नव्हते."

आता तिचे हात थांबले. "बाई रोज फुलं कोणाकडनं न्यायच्या?"

इतकी साधी गोष्ट, बाई. मधली अकरा वर्षं ती माझ्या डोक्यात आली नाही, कारण गंगेवरून फुलं आणणारी मी नव्हते.

"दुसऱ्या दिवशीच मला म्हणल्या, येऊन गेली ना गं ती? मी म्हणलं, कोण? त्यानंतर रोज विचारायच्या, आली का. मग विचारायचं बी सोडलं, नुसतं बघायच्या अन् फुलं घेऊन जायच्या. लग्नाला आल्या तवा म्हणल्या, पेटी दोघींच्या नावानं ठेवते, पेटीसाठी तरी येईल."

"पेटीसाठीही आले नाही मी."

"आली की. हे काय मांडीवर." तिने एक फूल माझ्याकडे टाकलं. "अन् ऐक, मी बी तुझ्या पानावर लिवलंय. तुझा अंतरा बायांच्या तोंडात बसंना. लाली लाली म्हणायच्या अन् हसत सुटायच्या. मग मी दुसरा घातला. तुला नाय विचारलं."

"चांगला आहे."

"चांगला हाय ते मला म्हाईत हाय. विचारलं नाय, ते सांगते. फिट्टंफाट."

फिट्टंफाट नव्हतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. माझ्या दुरुस्तीने गाणं स्पर्धेत पहिलं आलं आणि तिथेच राहिलं. तिच्या दुरुस्तीने ते शेतात गेलं आणि मला शोधत माझ्या क्लासात आलं. पण ती फिट्टंफाट म्हणाली आणि मी ते घेतलं. मी वही काढली, पहिली दोन पानं उघडली. डाव्या पानावर तिचा अंतरा लिहिला. मग तिला म्हटलं, "म्हण." ती गायली, मी ऐकलं, आणि उजव्या पानावर नी लिहिला. ती म्हणाली, "कुठं लिवलास? दाखव." मी दाखवला. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. कागदावर पिवळा ठसा उमटला, तो अजून आहे.

परतताना एसटीत मी हिशोब लावला. शाबासकी तुम्ही दिलीत तेव्हा तुम्हाला काही माहीत नव्हतं. वही दिलीत ती मंगळवारी, म्हणजे सगळं कळल्यावर. शाबासकी परत मागितली नाहीत आणि वर वही दिलीत. तुमच्याइतकी कडक बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मला नुसतंच रागावता येतं.

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा जोडीने गाणी करतो. एक महिना पेटी इकडे, एक महिना तिकडे. तिच्या चुलीपाशी भाकरी थापल्याच्या आवाजातून ओळ पोचली पाहिजे, माझ्याकडे फोडणीतून. आता माझ्याकडे मिक्सरही आहे, पण मिक्सरमधून ऐकू येईल असं गाणं आमच्याने अजून झालेलं नाही. पहिली सीडी निघाली तेव्हा छापणाऱ्याने विचारलं, शब्द कुणाचे आणि चाल कुणाची लिहू. ती म्हणाली, "दोघींचं दोन्ही." तसंच छापलं. तुमचा एकटीने न करण्याचा नियम दोन वर्षांचा होता. आम्ही तो पुढे वाढवून घेतला आहे. गेल्या आठवड्यात की-बोर्डवाला एका शब्दापाशी अडला, तर मी म्हटलं, "समोर बसा." तो बिचारा उठून जायच्या बेतात होता, त्याला वाटलं रागावणार. मी त्याचं ऐकून घेतलं. त्याचे दोन शब्द घेतले, तिसरा घेतला नाही. गाणं चांगलं झालंय. आमची गाणी आता चांगली होतात, बाई, हे मी संकोच न करता लिहिते. लोक जिना उतरताना म्हणतात.

हे कागद पेटीच्या खोक्यात, भात्याच्या मागे ठेवावेत असं मनात होतं. तुमच्यापर्यंत पोचण्याच्या त्यातल्या त्यात जवळची जागा ती. पण एक तारखेला पेटी येईल आणि महिन्याने पुन्हा जाईल, आणि हे तिच्या हाती पडेल. आता ती बऱ्यापैकी वाचते. तिने वाचू नये असं एकच यात आहे, आणि ते अजून मी लिहिलेलं नाही.

कार्यक्रमात आम्ही पाटीचं गाणं शेवटी म्हणतो. 'गळे' आलं की मी थांबते आणि तो स्वर ती एकटी घेते. लोकांना ते फार आवडतं. तिला वाटतं, त्या स्पर्धेची भरपाई म्हणून मी मुद्दाम तिच्यासाठी जागा सोडते. एकदा ती तसं म्हणाली आणि मी मान डोलावली. तसं काही नाही, बाई. मी घरी दार लावून इतकी वर्षं प्रयत्न करते आहे. तो निषाद मला तिच्यासारखा लागतच नाही.